मेहुण्याने विकलेली वॉरंटी

…नाही, फ्रीज बिघडला याचं दुःख नाही हो, यंत्रच ते, कधीतरी बिघडणारच, पण तुम्हाला सांगतो, मला तोंडघशी पाडलं ते माझ्या सख्ख्या मेहुण्याने, म्हणजे दुकानात काउंटरच्या पलीकडे उभा राहून म्हणतो, 'दाजी, कंपनीची वर्षाची वॉरंटी म्हणजे काहीच नाही, वाढीव चार वर्षांची घ्या, मी काय तुम्हाला फसवणार आहे?' आता बायको शेजारी उभी, तिच्यादेखत तिच्या भावाला कुठल्या तोंडाने सांगू, की हो, फसवशील? केली सही. घरचा माणूस ना.

अडीच वर्षं फ्रीज मुकाट चालला आणि एका सकाळी थंडच होईना. आत आईचं इन्सुलिन. ते ठेवायचं कुठे, तर समोरच्या काकूंच्या फ्रीजमध्ये, आणि त्या काकूंशी आईने नऊ वर्षांपूर्वी बोलणं टाकलंय, जिन्यातल्या चपलांच्या स्टँडवरून. आता बिचारी दिवसातून दोनदा त्यांची बेल वाजवते, आणि काकू दार उघडून म्हणतात कशा, 'या की, आपलंच घर समजा.' परत आली की आई स्वयंपाकघरात भांडी आपटते.

मी म्हटलं, आई, काळजी कशाला, आपल्याकडे कागद आहे. कंपनीला फोन लावतोय तोवर मेहुणा हजर. 'दाजी, ते लोक आठ दिवस लावतील, आईंचे हाल होतील, मी बघतो ना.' मागचं झाकण उघडलं, हे ओढलं, ते दाबलं, फुंकर मारली… फुंकर हो, फ्रीजला! उरलेले चार स्क्रू माझ्या हातात ठेवले, म्हणे जपून ठेवा. मी ठेवले. घरचा माणूस ना.

फ्रीज गरम तो गरमच. शेवटी कंपनीला फोन केला, तेव्हा आला त्यांचा मेकॅनिक. मागे वाकला, बॅटरी मारली आणि म्हणतो, 'सील तुटलंय. बाहेरच्या माणसाने उघडलाय. वॉरंटी रद्द.' अहो, बाहेरचा कसला, या कागदावर विकणाऱ्याची सही आहे ना, त्यानेच उघडला. तर मेकॅनिक म्हणतो, 'मग त्यांना नियम पाठ असेल.' मी मेहुण्याकडे बघितलं, मेहुणा कॅलेंडरकडे बघत होता. विचारलं, का रे, तुझ्या स्वतःच्या फ्रीजला घेतलीयस का ही वॉरंटी? 'छे, दाजी, ती कोण घेतं.' कोण घेतं म्हणे. मी घेतली, गाढवा, तुझ्या तोंडाकडे बघून घेतली. इतकं लागलं ना ते मला.

असो. नवा फ्रीज घेतला, त्याच दुकानातून, कारण बायको. आईही आली बरोबर. तोच काउंटर, तोच मेहुणा, 'दाजी, यावर पाच वर्षांची…' मी म्हटलं, मेलो तरी नाही. तर मागून आई, 'घे रे बाबा. खोटा तर खोटा, कागद असू दे. मला परत तिच्या दारात उभं करू नकोस.' केली सही. फक्त सगळ्या अटींच्या खाली पेनाने एक ओळ मी स्वतः वाढवली, की फ्रीज बिघडल्यास मेहुण्याला घरात घेतलं जाणार नाही, आणि म्हटलं, हे वाच. 'दाजी, हे कोण वाचतं,' म्हणाला आणि दुकानाचा शिक्का मारला.