स्वच्छ बरणीतला आवाज

चिमणी : नाही नाही, मॅडम, गाडीत बसू नका! आधी वर चला, प्रयोगशाळेत.

मॅडम : अगं चिमणे, श्वास तर घे. समितीसमोर जायचंय मला, तुझाच प्रकल्प बंद करतोय हे सांगायला.

चिमणी : तेच सांगू नका! आपलं यंत्र बरोबर आहे.

मॅडम : पुन्हा तेच? धान्य पोखरणाऱ्या अळीचा आवाज टिपायचं यंत्र केलं आपण. किडक्या गव्हाच्या बरणीत वाजतं, ठीक. पण स्वच्छ गव्हाच्या बरणीतही वाजतं. जिथे अळीच नाही तिथे अळी ऐकणारं यंत्र काय चाटायचंय?

चिमणी : आहे ना पण!

मॅडम : काय आहे?

चिमणी : अळी! स्वच्छ बरणीत! पंखा बंद केला, फ्रीज बंद केला, खालच्या वर्कशॉपवाल्यांच्या हातापाया पडून लेथ थांबवला. तरी आपलं कुरुकुरु चालूच. मग डोकंच सटकलं माझं. ब्लेड घेतलं आणि एकेक दाणा चिरत बसले. या ना वर, भिंगाखाली ठेवलाय.

मॅडम : चल बाई. माझे गुडघे तुझ्या नावावर... सरक. बघू. अगं! हा तर वळवळतोय.

चिमणी : बघितलंत? दाणा बाहेरून अगदी ठणठणीत!

मॅडम : किडा आत अंडं घालतो आणि भोक लिंपून टाकतो. चाळून काय दिसणार, कपाळ? पण एका अळीवर नाचायचं नाही. याच बरणीतला निम्मा गहू ओव्हनमध्ये तापव.

चिमणी : म्हणजे त्यातल्या अळ्या मरतील आणि गप्प बसतील!

मॅडम : मग दोन्ही गहू मी डब्यांत भरते. कुठल्या डबीत कुठला, ते फक्त मला माहीत. तू तोंड भिंतीकडे कर.

चिमणी : आणि समिती?

मॅडम : बसेल चहा पीत.

(तापवलेला गहू निवलाय. टेबलावर एकसारख्या डब्या. चिमणीच्या कानाला हेडफोन.)

चिमणी : ही जिवंत. ही गप्प. हीपण गप्प. ही... जिवंत, जोरात! ही गप्प. आणि ही शेवटची... गप्प वाटतेय. नाही, थांबा. कुर्र झालं. जिवंत.

मॅडम : नक्की?

चिमणी : नक्की. अहो बोला ना! किती चुकल्या?

मॅडम : एकही नाही.

चिमणी : एकही ना... मॅडम!

मॅडम : ओरडू नकोस, शेजारी तास चालू... बरं, ओरड. ओरड बाई. हा गहू कुठून आणला होतास?

चिमणी : आपल्याच बियाण्याच्या गोदामातून. पेरणीसाठी उद्या पाठवणार आहेत तोच... अगं आई गं!

मॅडम : फोन लाव त्यांना. एक पोतं हलवू नका म्हणावं.

चिमणी : हसतील ते.

मॅडम : हसू देत. यंत्र उचल, पोत्यापोत्याला लावून दाखवू. आणि समितीला सांग, बैठक गोदामात आहे.

चिमणी : आणि प्रकल्प?

मॅडम : प्रकल्प बंद करतंय कोण आता? नीघ आता!

चिमणी : निघते. पण मॅडम, तुम्ही स्वतः अजून ऐकलंच नाहीत. घ्या हा हेडफोन. आलं का ऐकू? मॅडम? येतंय का काही?

मॅडम : हळू बोल गं. जेवतेय ती.