बोंबील आणि पोरीचे चौकोन

नाही, मी म्हणतो, लॅपटॉप असा सताड उघडा टाकून आंघोळीला जायचंच कशाला? त्यात आमची श्रुतिका हवामानाची मॉडेलं चालवते, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये पाऊस पाडते, आणि मी खारदांड्याला बोंबील सुकवतो... एकाच घरात एक पाऊस पाडणारी आणि एक पावसाला घाबरणारा, आता बोला.

तिने मला समजावलं होतं, नाही असं नाही. "बाबा, पूर्वी नकाशाचे चौकोन एवढे मोठे असायचे, की आपला दांडा, मुलुंड, थेट कर्जत, सगळं एकाच चौकोनात. डोंगर त्यात चेपून जायचे. मग पाऊस पडायचा तो रोज थोडा थोडा, सगळीकडे सारखा." म्हटलं, पाऊस आहे का शाळेतली खिचडी? "म्हणून आता चौकोन बारीक केले. डोंगर डोंगराच्या जागी, ढग आपापले वर चढतात, एका चौकोनात धो धो, बाजूचा कोरडा." इथपर्यंत कळलं मला. पण तुम्हाला सांगतो, ढगाला चौकोन दिसतो का?

तर दसरा होऊन गेलेला, आणि भर दुपारी आभाळ काळंकुट्ट. अख्ख्या दांड्याचे बोंबील दोऱ्यांवर, अर्धे सुकलेले. भिजले तर अळ्या पडणार, काढून ढीग घातला तर आतल्या आत कुजणार. करायचं काय? तेवढ्यात शेजारची रत्नप्रभाबाय दारात. नवरा गेल्यापासून तिचं घर त्या दोऱ्यांवरच चालतं. "भाव, पानी परंल काय रं? तुजी पोर सांगतं ना?"

पोर न्हाणीत. मी आपला लॅपटॉपमध्ये डोकावलो. बांद्रा निळा, अंधेरी निळी, मुलुंड तर जांभळं, आणि बरोब्बर दांड्याचा चौकोन पांढराशुभ्र. छाती काढून बाहेर आलो. "बाय, राहू दे. दांडा कोरडा." झालं. ती ओरडली, मग गल्ली ओरडली, "भाव बोलला, हात लावू नका!" ज्यांनी काढायला घेतले होते त्यांनी परत टांगले हो...

आणि श्रुतिका आली केस पुसत. "बाबा, काय सांगितलंस तू? अरे, तो नकाशा पंचवीस वर्षांनंतरचा आहे. आणि तो दिवसही खरा नाही, मॉडेलने रचलेला. असे हजारो दिवस एकत्र बघायचे, म्हणजे पाऊस कसा बदलेल ते कळतं. त्यात आजचं काही नसतं रे."

धावलो बाहेर, तर वारा सुटलेला, दोऱ्या हेलकावतायत, वीज कडाडली. सगळे आभाळाकडे बघतायत, आणि रत्नप्रभाबाय? ती माझ्याकडे बघतेय. निवांत. मला तिच्याकडे बघवेना. "काढ" म्हणायला तोंड उघडलं, आणि नुसता तिच्या दोरीचा बांबू धरून उभा राहिलो. मी घाबरलो होतो हो, खरंच घाबरलो होतो. मनात एकच... ढगाला चौकोन दिसतो का, ढगाला चौकोन दिसतो का?

दिसला की! बांद्रा झोडपला, सांताक्रूझला गुडघाभर पाणी, आणि दांड्यात थेंब नाही. रत्नप्रभाबाय माझा हात धरून रडली. श्रुतिका मात्र कपाळाला हात लावून बसलेली. "बाबा, चुकला असतास तर बरं झालं असतं. आता हे लोक तुला सोडणार नाहीत."

सोडतायत कसले? दारोदार जाऊन सांगितलं, अगं बाय, तो नकाशा आजचा नव्हता, पंचवीस वर्षांनंतरचा होता. तर रत्नप्रभाबाय म्हणते, "आरं द्येवा, इतक्या आदी कललं तुला?"

मग मी बोलणंच बंद केलं. तर आता ते आमच्या घराकडे बघून ठरवतात. परवा बायकोने गॅलरीतली चादर आत घेतली, आणि कडकडीत उन्हात अख्ख्या दांड्याने बोंबील उचलले. काय करणार... तेव्हापासून चादर दिवसरात्र बाहेरच असते, आणि मी टॉवेल पांघरून झोपतो.