आईची काडी

डोंगराखालच्या टॉपेनिश गावातल्या दवाखान्यात वनखात्याचा लेस्टर नंबराची वाट बघत बसला होता. समोर दोन म्हाताऱ्या बहिणींचं बोलणं चाललं होतं.

"ताई, यंदा आपल्या डोंगरातल्या हकलबेरीच्या रानफळांनी टोपलीचं बूडसुद्धा झाकलं नाही."

"कसं झाकेल? फरच्या झाडांनी सगळं ऊन खाल्लंय. आई होती तोवर डोंगर मोकळा असायचा."

"आई झाडं तोडायची?"

"जाळायची. वेचून झालं की तुम्हा पोरांना गाडीत कोंबायची आणि मागं काडी लावायची. बेरी मुळातनं पुन्हा फुटते, फर नाही फुटत."

"काहीतरीच! आपली आई? चुलीतल्या निखाऱ्यावर तीन-तीनदा पाणी ओतणारी?"

"तीच."

"अगं, पण बाबा वणवे विझवायच्या नोकरीत होते!"

"म्हणून तर. पाऊस कधी येणार हे त्यांना आधी कळायचं. आदल्या दिवशी आईच्या कानात सांगायचे, म्हणजे आग पावसानं विझायची."

"बाबा? आपले बाबा?"

"ओरडू नकोस, लोक बघतायत."

थोरलीनं लेस्टरच्या गणवेशाकडे बघितलं आणि गोड हसली.

"बाळा, पाऊस कधी आहे रे?"

"उद्या दुपारी, आजी," लेस्टर बोलून गेला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

थोरली पिशवी घेऊन उठली.

"चल गं. डॉक्टरांचं परवा बघू."