चव घेतल्याची सही

शाळेतल्या खिचडीला हसू नका राव, तिचाही नियम आहे. मुलांना वाढायच्या अर्धा तास आधी शिक्षकाने ती चाखायची आणि चव रजिस्टरमध्ये सही करायची. आमच्या चाकणकडच्या शाळेत हे काम माझ्याकडे, आणि गुरुवारी माझा उपवास. म्हणून गुरुवारची सही मी प्रार्थनेआधीच उरकून टाकतो. 'चव उत्तम.'

परवा नेमके गुरुवारीच तपासणीला साहेब आले. रजिस्टर बघून खूश झाले. तेवढ्यात खिचडी करणाऱ्या मावशी माझ्यासाठी दोन केळी घेऊन आल्या. "घ्या गुरुजी, उपाशीपोटी किती शिकवाल!"

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "उपवास आहे? मग ही खिचडी चाखली कुणी? कारणे दाखवा नोटीस काढू का? मुलांच्या पोटाचा प्रश्न आहे हा!"

मावशींनी लगेच खिचडीची वाटी साहेबांपुढे धरली. "तुमीच बघा की साहेब."

"नको, माझाही गुरुवार असतो," म्हणत त्यांनी तपासणीच्या फॉर्मवर लिहिलं, 'स्वतः चव घेतली. समाधानकारक.' खाली झोकात सही ठोकली आणि पेन खिशाला लावलं.

मावशी वाटी धरून तशाच उभ्या. "झालं का दोघांचं चाखून? न्हाई म्हंजे, मीठ संपलंय. शिपाई दुकानात गेलाय, आला की घालते."