पहिल्या बेसपर्यंत

कॅनडात, मिसिसागातल्या फिजिओच्या वेटिंग रूममध्ये माझ्यासमोर सत्तरीतलं एक मराठी जोडपं बसलं होतं.

“बेसबॉल खेळतो, वय सदतीस, आणि अजून चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट बाकी! चेंडू मारून पहिल्या बेसपर्यंत धावतो की वरातीत चालतो?”

“अहो, हळू बोला.”

“कोट्यवधी डॉलर घेतो. मी म्हणतो, उद्याच्या उद्या हाकला त्याला!”

“मग काल सगळं स्टेडियम ‘बू’ करून त्याची हुर्यो उडवत होतं, तेव्हा काठी काखेत धरून, उभं राहून टाळ्या कोण वाजवत होतं?”

“त्यानं गुडघा धरला होता, सुमेधा. त्या पोरांना काय कळणार त्यातलं?”

“बरं. तुमचं नाव पुकारलं, उठा.”

“हात दे.”

“काठी आहे ना?”

“आहे. तरी दे.”