नदी असलेलं बेट पाहिजे

(शिंदखेडा, २९ एप्रिल १९८९. भूगोलाचे शिक्षक श्री. कौतिक दगा बोरसे यांच्या निरोप समारंभात मराठीचे शिक्षक श्री. भिकन महाले यांनी केलेलं भाषण.)

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शिक्षण संस्थेचेही अध्यक्ष, आणि या गावात जिथे जिथे मधली खुर्ची ठेवलेली असते तिथले बहुधा अध्यक्षच, आदरणीय रुपचंद नाना. नानांच्या उजव्या हाताला बसलेले आपले मुख्याध्यापक आणि नानांचे जावई श्री. मोतीलाल सर, पाहुणे म्हणून लाभलेले, मूळचे कोकणातले, शिक्षण विस्तार अधिकारी साहेब, ज्यांच्यासाठी हा हार, ही शाल आणि हा मधूनमधून शिट्टी मारणारा माईक आणला ते सत्कारमूर्ती बोरसे सर, पहिल्या रांगेतल्या त्यांच्या मातोश्री ताईबाई, सौ. वच्छलावहिनी, शिक्षक बंधू-भगिनींनो, आणि चहा कधी येतो याकडे लक्ष ठेवून असलेल्या श्रोतेहो!

मला उभं करण्यापूर्वी नानांनी जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं, "महाले सर, हलकंफुलकं बोला. जुनं काही उकरू नका." नानांचा शब्द मोडण्याची या शाळेत पद्धत नाही. तेव्हा मी फक्त बेटाबद्दल बोलणार आहे. जुनं जे आहे ते, माझ्याच्यानं राहवलं तर, तसंच राहू देणार आहे.

बोरसे सर राजीनामा देऊन सहकुटुंब अंदमानातल्या दिगलीपूरला चालले आहेत. तिथल्या एका खाजगी शाळेत भूगोल शिकवणार आहेत, तोही हिंदीतून. इथून पॅसेंजरनं भुसावळ, भुसावळहून मद्रास, मद्रासहून तीन-चार दिवस बोट, आणि पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर पुन्हा दुसरी बोट. पूर्वी ज्या बेटांवर माणसाला सरकार बेड्या घालून पाठवत असे, तिथे आमचे सर स्वतःच्या खर्चानं, आई-बायको आणि तीन लेकरं घेऊन जात आहेत. बावीस वर्षं त्यांनी या शाळेत शिकवलं की चहूबाजूंनी पाण्यानं वेढलेल्या भूभागास बेट म्हणतात. ज्या गावाला एकाही बाजूनं पाणी नाही, तिथल्या मुलांना हे पटवून द्यायचं म्हणजे काय चेष्टा आहे?

आता प्रश्न असा की जगात इतकी बेटं, मग दिगलीपूरच का? मंडळी, ही निवड काही एका दिवसात झालेली नाही. तुम्ही-आम्ही सगळ्यांनी मिळून केलेली आहे. आपल्याकडे मुलीसाठी स्थळ बघतात तसं वर्षभर या गावानं बेट बघितलं. घराणं कसं, पाणी कसं, आपलं कोणी तिथे आहे का! सरांनी जुन्या नकाशाच्या पाठीवर चौकोन आखले आणि त्यात चार स्थळं मांडली. मालदीव, मॉरिशस, लक्षद्वीप आणि अंदमान. चारही ठिकाणी पत्रं गेली.

आमचे हेडक्लार्क छगनभाऊ ठामपणे मॉरिशसच्या बाजूचे. "तिथे मराठी माणसं आहेत सर, गणपती बसवतात. परकं वाटणार नाही." यावर बोरसे सर शांतपणे म्हणाले, "छगनभाऊ, मराठी माणसांचा मला पुरेसा अनुभव आहे." छगनभाऊ अजून त्या उत्तराचा अर्थ लावत आहेत. असो. मॉरिशसहून उत्तरच आलं नाही, म्हणून ते स्थळ आपोआप मोडलं.

मालदीवहून मात्र होकार आला. पगार चांगला, राहायला घर. सर जवळजवळ तयार झाले होते. तेवढ्यात आपल्या शाळेचे गणवेश शिवणारे नूर महंमद चाचा भेटले. चाचांचा मेहुणा तिथे राहून आलेला. चाचा टेप गळ्यात तसाच ठेवून म्हणाले, "मास्टर, सब अच्छा है, लेकिन वहाँ भैंस नहीं है. डिब्बे की पावडर की चाय पीनी पड़ेगी. सोच लो." सर दोन दिवस विचारात. हसता काय? बावीस वर्षं स्टाफरूममध्ये ज्यानं चहाच्या बशीत तोंड पाहिलं, त्याला हे दुःख कळेल.

मग वच्छलावहिनींनी नकाशा हातात घेतला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "या बेटांवर ऊन किती महिने?" सरांना वाटलं, बायकोला हवामानाची गोडी लागली. त्यांनी मोसमी वारे, आर्द्रता, वार्षिक सरासरी असं सगळं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे सात-आठ महिने पाऊस. मग बिबडे वाळवायचे कुठे?" साहेब, आपण कोकणातले, म्हणून सांगतो. बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. चाळीस-बेचाळीस डिग्रीची आग डोक्यावर असल्याशिवाय ते नीट वाळत नाहीत, आणि ते घरात नसले तर आम्ही त्या घराला घर म्हणत नाही. शेवटी या वर्षी दुप्पट बिबडे करून पत्र्याच्या डब्यात न्यायचे असं ठरलं. डबे तयार आहेत. बोटीवर ते सामानात धरतात की दारूगोळ्यात, हे मद्रासला कळेल.

आणि मग ताईबाई बोलल्या. ताईबाईंचं वय पंचाहत्तरच्या पुढे, आणि त्या आजवर पिंपळनेरच्या पलीकडे गेलेल्या नाहीत. सर आईला सोडून जाणार नाहीत हे गावाला ठाऊक. म्हणजे खरा निकाल त्यांच्याच हातात. त्यांनी सगळी बेटं ऐकून घेतली आणि विचारलं, "नदी शे का तठे? नदी नई तं मी नई."

साहेब, पुन्हा आपल्यासाठी सांगतो, 'शे' म्हणजे आहे आणि 'तठे' म्हणजे तिथे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरोघरी कानबाई बसते. भाऊबंद असतील तिथून गावी येतात. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतात, त्याचा रोट करतात, आणि तो रोट भाऊबंदांतच खायचा असतो. सोमवारी कानबाईला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात. सर म्हणाले, "माय, बेटाला चहूकडे समुद्र असतो. पाण्याला काय तोटा?" ताईबाई भडकल्या, "खारा पानीमा कानबाई सोडशी का तू? इतला शिकना, तरी अक्कल नई!"

आता मला सांगा, इथल्या आमच्या बुराई नदीत पाणी असतं किती? कित्येक श्रावणात आपण वाळूत खड्डा खणून, वाटीवाटीनं पाणी जमवून कानबाईची पाठवणी केलेली आहे. आणि या बाईला हिंद महासागर चालत नाही! पण भूगोलाच्या शिक्षकाची गंमत बघा. त्यानं आईशी वाद घातला नाही. त्यानं नदी शोधायला सुरुवात केली. मालदीवमध्ये नदी नाही, एव्हाना होकार आलेल्या लक्षद्वीपमध्येही नाही. दोन्ही होकार त्यानं स्वतःच्या हातानं परत केले. अंदमानात धुंडाळता धुंडाळता दिगलीपूरजवळ कालपोंग नावाची एक नदी सापडली. तेवढ्यावर न थांबता त्यानं तिथल्या पोस्टमास्तरांना पत्र टाकलं, की नदीला श्रावणात पाणी असतं का? उलट टपाली कार्ड आलं, "नदी है. बारह महीने पानी है. मगरमच्छ भी हैं." सरांनी ते घाबरत घाबरत आईला वाचून दाखवलं. ताईबाई म्हणाल्या, "मगर शे तं शे. पानी तं शे ना!"

झालं. स्थळ पक्कं झालं. मग भाऊबंदांची बैठक बसली. सरांचे चुलते जीवराम आबा, हे काय समोर बसले आहेत, त्यांनी अवघड प्रश्न टाकला, "कौतिक, तुन्ही मूठ आते आठे मोजानी का तठे?" मीही होतो तिथे. तुझी मूठ आता इथे मोजायची की तिथे, असं विचारलं गव्हाबद्दल होतं, पण हा माणूस आता आपल्यातला धरायचा की नाही, असंच आबा विचारत होते. सर खाली मान घालून सतरंजीचे दोरे ओढत बसले. तेव्हा ताईबाईच म्हणाल्या, "दोन्हीकडे मोजा. एक मूठ जास्त व्हयनी तं कानबाई रागे भराव नई." आबांनी डोळे पुसले आणि वर म्हणाले की धूळ गेली. आपल्याकडे पुरुषांच्या डोळ्यांत कायम धूळच जाते.

इथपर्यंत सगळं हलकंफुलकं झालं, नाना. आपण हसलात, मला बरं वाटलं. आता इथेच थांबलो असतो तर शाल-श्रीफळ देऊन कार्यक्रम वेळेत आटोपला असता. पण एक गोष्ट मला कित्येक महिने बोचते आहे. वर्षभर आपण सगळे बेट निवडण्यात इतके का रमलो? नाक्यावर, एसटी स्टँडवर, न्हाव्याच्या दुकानात, जो तो सरांना गाठून बेट सुचवत होता. एकानंही विचारलं नाही की सर, तुम्ही मुळात का चाललात? कारण ते सगळ्यांना माहीत होतं. बेटाबद्दल बोलत राहिलं की खुर्चीबद्दल बोलावं लागत नाही.

नाना, माझ्याच्यानं राहवत नाही. गेल्या वर्षी मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली. सेवाज्येष्ठतेनं ती बोरसे सरांची होती. मोतीलाल सर, आपला राग नाही, आपण माणूस चांगले आहात, पण आपली नोकरी नऊ वर्षांची आणि त्यांची बावीस. सात जूनला शाळा समितीची बैठक झाली. ठराव वाचला गेला. बोरसे सर "प्रशासकीय कामास अनुकूल नाहीत" असं त्यात लिहिलं होतं. नानांनी विचारलं, "कुणाची हरकत?" समितीत शिक्षकांचा प्रतिनिधी एकच असतो. ज्येष्ठतेचा नियम सांगायचं काम त्याचं. तो प्रतिनिधी त्या वेळी समोर आलेल्या ताटलीतला शेव-चिवडा खात होता. ठराव एकमतानं मंजूर झाला.

तो प्रतिनिधी मी.

माझी सून त्या जूनमध्ये आपल्याच संस्थेच्या कन्याशाळेत नोकरीला लागायची होती. लागली. ती मागे बसली आहे. तिला हे आज पहिल्यांदा कळतंय. पोरी, तुझा यात काही दोष नाही.

बैठकीनंतर चौथ्या दिवशी बोरसे सर माझ्या घरी आले. मला वाटलं, आता हा विचारणार. त्यांनी पिशवीतून नकाशाचं पुस्तक काढलं, माझ्यापुढे उघडलं आणि म्हणाले, "भिकन, यातलं कुठलं बेट बरं वाटतं तुला?" मित्रहो, त्या दिवशी त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं जेवलो असतो. मी काय केलं? चष्मा लावला आणि त्यांना बेट दाखवायला लागलो! पहिलं बेट मीच सुचवलं. माझ्या नजरेपासून लांबात लांब असेल असं.

आज पाच वाजता शाळा समितीची बैठक आहे. सरांचा राजीनामा मंजूर करायचा विषय आहे. मी अजून प्रतिनिधी आहे. तिथे मी सात जूनच्या ठरावावर माझी हरकत लिहून देणार आहे. उशीर झाला आहे हे मला कळतं. तिकिटं निघाली, डबे भरले, नदीही सापडली. त्या कागदानं सर काही थांबणार नाहीत. पण जो माणूस आईच्या एका वाक्यासाठी दोन होकार परत करतो आणि महासागरात नदी शोधतो, तो प्रशासकीय कामास अनुकूल नव्हता, हे वाक्य त्या रजिस्टरमध्ये हरकतीशिवाय एकटं पडलेलं मला चालणार नाही. नाना, माझ्याबद्दल आपल्याला जो ठराव करायचा असेल तो करावा. मला बेट शोधायची गरज नाही, माझ्या नोकरीची चारच वर्षं उरली आहेत.

अध्यक्ष महाराजांनी मला बोलू दिलं, माईक बंद केला नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. पाहुण्यांचे आभार. आपण सगळ्यांनी चहा थंड होऊ दिलात, आपलेही आभार. प्रघात असा आहे की वक्त्यानं जाता जाता म्हणावं, बोलण्याच्या ओघात काही कमी-जास्त बोलून गेलो असेन तर मोठ्या मनानं पोटात घालावं. आज जे बोललो ते पोटात घालू नका, बाहेरच राहू द्या.

मला माफी हवी आहे ती सात जूनला जे बोललो नाही त्याची. ती देणारे या सभागृहात एकटेच आहेत, आणि ते मघापासून खाली मान घालून बसले आहेत.

कौतिक, वर बघ. मला माफ कर.