भगवानची पकड

पोरीला चिकलठाण्यात क्लबात घातलं, तर तिथले कोच मला समजावतात, "एकच खेळ नको, सगळे खेळले की अंग तयार होतं." म्हटलं, साहेब, हे आमच्या पिशोरच्या पीटीच्या सरांनी तीस वर्षांपूर्वीच केलंय. मजबुरीच होती. खेळणारी पोरं नऊच, मग खो-खोला तीच, कबड्डीला तीच अन् व्हॉलीबॉललाही त्यातलीच.

कन्नडला तालुक्याच्या स्पर्धा होत्या. सकाळी कबड्डी जिंकलो अन् तसेच धुळीनं माखलेले व्हॉलीबॉलच्या फायनलला उभे राहिलो. समोरच्या पोरानं उडी मारून बॉल हाणला अन् तोल जाऊन जाळीखालून आमच्या बाजूला आला. आमच्या भगवाननं काय करावं? त्याचा घोटाच धरला! मग आम्ही तरी कशाला मागं राहतो? उरलेले पाचही जण त्याच्यावर पडलो.

सर बाहेरून ओरडतायत, "अरे सोडा त्याला! व्हॉलीबॉल हाय हा!"

भगवान खालून म्हणतो, "नाय सर, मधल्या रेघेला हात लावंल तो!"

कप गेला. पण सर रागावले नाहीत, पोट धरून हसत बसले.

मागच्या महिन्यात मी अन् भगवान सरांना भेटायला गेलो. लई थकलेत आता. आम्हाला सोडायला जिना उतरताना त्यांचा पाय सटकला, तर भगवाननं झपकन मनगट धरलं. पोट सुटलंय त्याचं, पण पकड तीच.

सर दुसऱ्या हातानं कठडा धरून सावरले. मग म्हणाले, "भगवान, आता मात्र सोडू नको रे."